चंदूभाऊ कुठपर्यंत आला

आधीच सांगून ठेवते. ही कोणाच्या मावशीच्या शेजारणीची गोष्ट नाही. माझी आहे, माझ्या सख्ख्या भावाची आहे. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं. पण खाली कमेंटमध्ये येऊन माझ्याशी वाद घालू नये, मी त्या बाबतीत फार वाईट बाई आहे.

आणि रात्रबित्र काही नव्हती. अमावस्या तर नव्हतीच.

चैत्रातली भर दुपार होती. जागा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं तिरोडा, बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरची एक खोली. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसली होती.

मी भूमिका. गोंदियात एका वन्यजीव संस्थेत सर्व्हर सांभाळते. माझा मोठा भाऊ चंद्रकुमार, आमचा चंदूभाऊ, त्याच संस्थेसाठी जंगलात कॅमेरे लावायचा. झाडाला बांधलेले छोटे कॅमेरे. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो आणि मोबाईलच्या टॉवरवरून थेट आमच्या गोंदियाच्या ऑफिसात येतो.

चिचगडच्या पलीकडच्या जंगलातल्या नाल्यापासून आमच्या गावच्या बोडीपर्यंत अशी कॅमेऱ्यांची ओळ होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. शेवटचा कॅमेरा बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. तिथून आमच्या घराचं दार दिसतं.

कॅमेरा नीट लागला की नाही, हे बघायची एक पद्धत आहे. लावणाऱ्यानं वाघाच्या उंचीनं, हातापायांवर रांगत त्याच्यासमोरून जायचं. सगळे मुकाट्यानं जातात. चंदूभाऊ जीभ काढून, डोळे वटारून, गुरगुरत जायचा. आणि मग मला फोन.

"काय वो मॅडम, वाघ आला का तुमच्या कॉम्प्युटरात?"

"आला ना. माकडावानी दिसून राहिला."

"बोल, बोल. तू एसीत बसून राहते, अन् मी इथं मच्छर पोसून राहिलो."

त्याचे ते सगळे फोटो संध्याकाळी पुसले जायचे. नियमच होता तसा. जंगलात बाया मोहफुलं वेचायला जातात, सरपणाला जातात. त्यांचे फोटो ठेवणं बरं नाही. म्हणून रोज संध्याकाळी एक प्रोग्राम चालायचा. फोटोत माणूस दिसला, पूस. नुसतं गवत दिसलं, पूस. जनावर तेवढं ठेव.

मागच्या भाद्रपदात चंदूभाऊ नाल्याकडच्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला गेला. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नाल्याला पूर आला.

मोटारसायकल रपट्याखाली, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाखाली सापडली.

भाऊ नाही.

ढीवरांनी जाळी टाकली, गळ टाकले, पोहणाऱ्यांनी तळ धुंडाळला. आठवडा उलटला तशी माणसं हळूहळू घरी गेली. कोणाला दोष देणार? त्यांनाही घरं होती.

आमच्याकडे देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी देतात, मग तेरवी, मग पुढचं सगळं. ते झाल्याशिवाय तीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरता येत नाही. मेलेल्याला पाणीच मिळत नाही.

घनश्यामकाकांनी एकदा मायजवळ हा विषय काढला. बाबा गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तेच.

माय चुलीपासून उठली. जमुनाबाई म्हटलं की गावात मवाळ बाई म्हणून नाव आहे. पण त्या दिवशी तिच्या हातात जळतं लाकूड होतं.

"माह्या पोराले पानाचा करून जाळता का? तो येऊन राहिला असन, अन् तुम्ही जाळता?"

काका निघून गेले. माय रोज संध्याकाळी दार उघडं ठेवायची आणि ताट वाढून ठेवायची. मी गावी गेले की ते ताट बघायची आणि माझं ताट घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची.

आता बॅकअपचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आमच्याकडे फोटो इतके की एका कॉम्प्युटरात मावत नाहीत. म्हणून पुष्कळ मशीन एकत्र जुंपलेल्या आहेत, त्याला क्लस्टर म्हणतात. प्रत्येक फोटो तीन मशीनवर ठेवला जातो. आमचे सीनियर धनेंद्र पटले यांना त्या तीनचा भारी अभिमान.

"तीन-तीन कॉपी है ना भूमिका. मग बॅकअप कायले पाहिजे?"

"धनेंद्रभाऊ, तीन कॉपी म्हणजे बॅकअप नाही. एक चुकून पुसली की तिन्ही एकदमच पुसल्या जातात. अन् ऑफिसले आग लागली तर? तिन्ही तिथंच जळतील ना?"

वर्षभर डोकं खाल्लं त्यांचं, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. बॅकअप दुसऱ्या गावात ठेवायचा, म्हणून तिरोड्यात खोली घेतली. मी सर्व्हर बसवले. रोज दुपारी, म्हणजे संध्याकाळची पुसापुशी व्हायच्या आधी, गोंदियाचे सगळे फोटो तिरोड्यात यायचे. आणि तिथलं काही पुसायचं नाही, असं मी मुद्दाम ठरवलं होतं.

पण बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नसतं. घेतलेलं परत निघतं का, ते उघडून बघावं लागतं. आदल्याच दिवशी पहिला बॅकअप आला होता, आणि त्या दुपारी मी तेच करत होते. कुठलाही फोटो काढायचा, बघायचा, पुढे जायचं.

नीलगाय. रानडुकरं. अस्वलाचा पार्श्वभाग. पुन्हा रानडुकरं.

आणि मग...

नाल्याजवळचा कॅमेरा. समोर एक माणूस उभा.

निळा रेनकोट. चिखलात बरबटलेली पॅन्ट. केस कपाळाला चिकटलेले, हनुवटीवरून पाणी ओघळताना दिसत होतं.

चंदूभाऊ.

मी हसले. खरंच हसले. वाटलं, जुना फोटो कुठेतरी राहून गेला, देवानंच ठेवला. पडद्यावर हात फिरवला मी. मग खालची तारीख बघितली.

कालची होती.

खोलीत पंख्यांचा आवाज होता, सर्व्हरचे पंखे सारखे घुमत असतात. त्या आवाजात दुसरा एक आवाज यायला लागला.

टप...

टप...

एसीचं पाणी असेल म्हणून उठून बघितलं. लाईट केव्हाच गेली होती आणि एसी बंद होता, सर्व्हर तेवढे बॅटरीवर चालू होते. फरशी कोरडी ठाक. छत कोरडं. मी फोटो बंद केला.

आवाज थांबला.

मी धनेंद्रभाऊंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घड्याळ बिघडलं असन. बॅटरी उतरली का तारीख कुठची कुठं जाते. टेन्शन मत ले बहन."

"भाऊ, फोटोत सगळा पाचोळा आहे. पळसाची झाडं उघडी आहेत. भाद्रपदात जंगल असं असते का?"



"एक बात बोलू? त्या नाल्याच्या कॅमेऱ्यातून रोज एक माणसाचा फोटो पुसला जाते. किती तरी महिने झाले. मले वाटलं, मोहवाला असन कोणी."

"पावसाळ्यात मोहफूल कोण वेचते, धनेंद्रभाऊ?"

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारचा बॅकअप आला. मी आधी नाल्याचा कॅमेरा उघडला. तिथं कोणी नव्हतं. हुश्श केलं. मग सहज पुढचा कॅमेरा उघडला, सागाच्या बनातला...

तिथं उभा होता.

तोच रेनकोट. तसाच चिंब. भोवती रखरखीत उन्हाळा आणि त्याच्या अंगावर भाद्रपदाचं पाणी.

त्याच्या पुढच्या दिवशी आणखी पुढचा कॅमेरा. मग त्याच्याही पुढचा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाऊ रोज निघत होता. पूर आला त्या दिवसापासून रोज, घरी यायला. पहिल्या कॅमेऱ्यापर्यंत यायचा आणि संध्याकाळी आमचा प्रोग्राम त्याला माणूस म्हणून पुसून टाकायचा. तिन्ही मशीनवरून. की पुन्हा नाल्यापासून सुरुवात. किती महिने तो बिचारा तिथंच चालत राहिला असेल. तिरोड्यात तो पहिल्यांदा पुसला गेला नाही, आणि म्हणून पुढे सरकला.

मी त्या खोलीत फरशीवर बसून रडले. भीती नंतर वाटली. आधी नुसतं रडूच आलं.

मायला न सांगता राहवेना. फोन केला, जमेल तसं सांगितलं. वाटलं, ती किंचाळेल, नाही तर मला वेडी म्हणेल.

ती एवढंच म्हणाली, "कुठपर्यंत आला?"

"सागाच्या बनातून पुढं गेला, माय."

"जेवला नसन बाई तो."

त्यानंतर रोज दुपारी तिचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कुठपर्यंत आला?" मी सांगायची. टेकडी उतरला. बांबूत आला. ती दर वेळी "बरं" म्हणायची, आणि त्या एका शब्दात इतका आनंद असायचा की मला ऐकवत नव्हता.

फोटो उघडला की तो आवाज मात्र यायचाच. टप... टप... हळूहळू मला त्याची सवय झाली. खरं सांगू? आवडायला लागला. भाऊ खोलीत बसलाय असं वाटायचं.

धनेंद्रभाऊंना मी पुढचं काही सांगितलं नाही. सांगून त्यांनी मानलं नसतं. आणि इथंच घात झाला.

तिरोड्याच्या डिस्क भरत आल्या होत्या. धनेंद्रभाऊंनी गोंदियातून बसल्या बसल्या एक सेटिंग बदललं. गोंदियात जे पुसलं जाईल ते तिरोड्यातही आपोआप पुसलं जाईल. दोन्हीकडे हुबेहूब सारखं. आमच्या धंद्यात नवशिके ही चूक करतात. जुनेही करतात, कारण ती चूक दिसायला फार नीटनेटकी दिसते.

"सब क्लीन कर दिया," त्यांचा मेसेज आला. सोबत अंगठा.

मी बॅकअप उघडला. बांबूचा कॅमेरा रिकामा. टेकडीचा रिकामा. सागाच्या बनातला रिकामा. निळा रेनकोट कुठेच नाही.

मी फोनवर धनेंद्रभाऊंना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो भला माणूस आधी चिडला, मग गोंधळला. मग मी खरं काय ते सांगितल्यावर रडायला लागला. सेटिंग लगेच परत फिरवलं. पण गेलेलं गेलंच होतं.

दुसऱ्या दुपारी नाल्याच्या कॅमेऱ्यात...

भाऊ पुन्हा उभा होता. पहिल्यापासून.

मायचा फोन आला. "कुठपर्यंत आला?"

पुन्हा नाल्यावर, एवढंच सांगितलं.

ती रागावली नाही. "थकला असन," ती म्हणाली, "येऊ दे सावकाश."

पण या खेपेचं चालणं वेगळं होतं. पहिल्यांदा तो ताठ उभा असायचा. आता झाडाला धरून उभा. पायातली चप्पल गेली होती. एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात यायला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागायला लागले. टेकडीवर तर तो चार दिवस एकाच जागी बसलेला दिसत होता, गुडघ्यात मान घालून.

मग टेकडीचाच एक फोटो आला. हातापायांवर होता. रांगत.

त्या दिवशी मी बस धरली आणि लॅपटॉप घेऊन गावी गेले. माय म्हणाली, दाखव. मी उगाच म्हटलं, "बघ, वाघाचं नाटक करून राहिला."

मायनं पडदा जवळ ओढला. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

"हे नाटक नाही होय, बाई. ह्याच्यानं चालणं होऊन नाही राहिलं."

त्या संध्याकाळी ताट वाढलं, पण तिनं ते उचलून गाईपुढे ठेवलं. मग ओसरीवर येऊन बसली.

"भूमिका, मी आस धरून बसली ना, म्हणून तो चालून राहिला. माय वाट पाहून राहिली म्हटल्यावर कोणतं लेकरू बसून राहील? काकाले सांग. पळस आणा म्हणा. तीजेच्या आधी करून टाकू."

"माय, तो येईल. आता काही पुसलं जात नाही, मी बघते ना."

"येईन. अन् येऊन काय करन? उभा राहीन दारात, ओला. मी त्याले टॉवेल देऊ शकन का?"

तुमच्याकडे याचं उत्तर असलं तर सांगा.

त्याच रात्री वादळ झालं. आंबे पडले, घरांवरच्या टिना उडाल्या, मोबाईलचा टॉवर बंद पडला. दोन दिवस एकही फोटो आला नाही. शेवटचा दिसला तेव्हा भाऊ टेकडीवर होता. तिथून घर फार लांब. मी मनाला समजावलं की त्याला त्रास होण्याच्या आत सुटेल.

बोडीच्या पलीकडच्या काठाला गावाचं स्मशान आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथं काकांनी पळसाच्या कोवळ्या पानांचा पुतळा केला. नारळ ठेवला. मायनं चंदूभाऊचा लग्नासाठी शिवून ठेवलेला शर्ट त्याच्या अंगावर घातला, बटणं लावली, कॉलर नीट केली.

काका अग्नी द्यायला पुढे झाले. मायनं त्यांचा हात धरला.

"हिच्या हातानं द्या. हिच्याजवळच येऊन राहिला होता तो इतके दिवस."

मी दिला.

ओली पानं. आधी नुसता धूर झाला, मग तडतडून पेटलं. आणि तेव्हा...

एकदम सगळं गप झालं. पाखरं नाहीत, किडे नाहीत. गावातली कुत्री सकाळपासून भुंकत होती, तीही थांबली. काकांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. पाळ होती आणि त्यापलीकडे आमचं घर.

थोड्या वेळानं पुन्हा एक टिटवी ओरडली आणि सगळं सुरू झालं. आम्ही बोडीवर आंघोळी केल्या आणि घरी आलो.

दुपारी टॉवर सुरू झाला. अडकलेले फोटो एकदम आले. मी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले. टेकडीचा कॅमेरा रिकामा. बांबूचा रिकामा. बरं वाटलं. सुटला म्हटलं.

सगळ्यात शेवटी बोडीचा कॅमेरा उघडला.

त्याच दिवशीच्या पहाटेचा फोटो. आम्ही पळस तोडायला निघायच्याही आधीचा...

चंदूभाऊ पाळीवर उभा होता.

रांगत नव्हता. झाडाला धरलेलं नव्हतं. दोन दिवसांत तो सगळं अंतर कसं चालला, मला माहीत नाही. कदाचित वादळात टॉवर बंद होता, फोटो कोणी बघत नव्हतं, कोणी मोजत नव्हतं, म्हणून. त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती आणि तोंड घराकडे. एक हात वर केलेला, लांबून आपलं माणूस दिसल्यावर करतो तसा.

आणि लांब, फोटोच्या कोपऱ्यात, आमचं दार. दारात माय झाडत होती. वाकलेली. तिनं वर पाहिलंच नाही.

त्याच्यानंतरचे सगळे फोटो धुराचे.

त्या दिवसानंतर तो कुठल्याच कॅमेऱ्यात आला नाही. नाल्यातही नाही. धनेंद्रभाऊ अजून रोज बघतात, मला न सांगता. तो पहाटेचा फोटो तिरोड्यात आहे. मी पुसला नाही आणि पुन्हा उघडलाही नाही. त्या खोलीत आता पंख्यांशिवाय दुसरा आवाज येत नाही. मी कधी कधी काम संपल्यावरही उगाच बसून राहते, कान देऊन.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, मुक्ती मिळाली. मिळाली असेल. आम्ही अग्नी दिला तेव्हा तो घरात पाऊल टाकून, मायला बघून गेला होता का? का पाळीवरून दारापर्यंतच्या त्या वाटेवर होता? मी रोज स्वतःला विचारते.

त्या दिवशी ओसरीवर माय माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मी झटकन लॅपटॉप मिटला.

"कुठपर्यंत आला होता?" तिनं विचारलं.

"टेकडीवरच होता, माय," मी म्हटलं, "तिथूनच गेला."

"बरं झालं बाई. लांबच होता." ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.